कूलरची जाहिरात अन् बारा हजाराचा कापूस

दि. २० एप्रिल २०२३

मा. संपादक साहेब यांना सप्रेम नमस्कार,

तुमचा पेपर आमच्या गावात यायला अकरा-साडेअकरा वाजतात, तोवर त्यातल्या अर्ध्या बातम्या मोबाईलवर येऊन शिळ्या झाल्या असतात. तरी मी घेतो. एक तर माझे बाबा घेत होते अन् दुसरं म्हणजे बाजारभावाचं पान. पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेही मोबाईलवरच टाइप करून राह्यलो, चूकभूल सांभाळून घ्या. विषय तसा शाळेतला आहे पण फिरून तुमच्या पेपरवरच येऊन थांबते, म्हणून शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

माझी पोरगी आठव्या वर्गात आहे, गावातल्याच शाळेत. जानेवारीत त्यांच्या मॅडमनं वर्गाला प्रकल्प दिला, विषय 'समाजमाध्यमांचा प्रभाव'. पोट्ट्यांनी दुसऱ्याच दिवशी चार्ट पेपर रंगवून आणले, हातकडी घातलेला मोबाईल, मोबाईलच्या पिंजऱ्यात बसलेला पोरगा, अन् वर मोठ्या अक्षरात 'मोबाईल शाप की वरदान', जसं आपण सगळ्यांनी विज्ञान शाप की वरदान लिहून दहावी काढली तसंच. मॅडमनं चार्ट घेतले अन् कपाटात ठेवून दिले. म्हणाल्या हे तुम्ही मोबाईलवर पाहूनच काढलं हे मला दिसते, मला आपल्या गावातलं दाखवा. नाटक करा, मातीचं करा, कागदाचं करा, पण जे दाखवाल ते इथंच घडलेलं पाहिजे.

मला वाटलं होतं आता हे लेकरं रीलवर काहीतरी करतील अन् शेवटी आम्हा मायबापाला टाळ्या वाजवायला बोलावतील. तसं झालंही थोडंफार. एका गटानं बिस्किटाच्या खोक्यात दोन काड्या बसवून कागदाची लांब पट्टी फिरवायचं यंत्र केलं, पट्टीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला चिकटवलेलं, कितीही फिरवा संपतच नाही. त्यातल्या पोराला पाठ होतं की बोटानं वर सरकवत जायचं अन् खालून नवं येतच राहते हे तंत्र २००६ साली अझा रास्किन नावाच्या माणसानं काढलं अन् पुढं त्यालाच त्याचा पस्तावा झाला. दुसऱ्या गटानं दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, बसवली, आमच्याच गावातल्या एका पोट्ट्यावर, ज्याचं टिकटॉक २९ जून २०२० ला सरकारनं ५८ दुसऱ्या ॲपसोबत बंद केलं अन् तो दोन दिवस जेवला नव्हता. तो पोट्टा स्वतः पाहायला आला होता अन् सगळ्यात जास्त तोच हासत होता.

पण पत्र लिहायचं कारण तिसरा गट, ज्यात माझी पोरगी होती.

एक दिवस संध्याकाळी तिनं मला विचारलं, "बाबा, कापसाच्या भावाचा तो बारा हजारवाला मेसेज तुमच्या फोनमंदी अजून हाय काय?" मी म्हटलं आहे नं, काऊन? तर म्हणे आमच्या प्रकल्पाला पाहिजे. मला खोटं कायले बोलू, बरंच वाटलं. पोरीच्या शाळेत आपला मेसेज कामी येते म्हणून मी फोन काढून दिला, कोणाकडून आला ते दाखवलं, अन् मी कुठं कुठं पाठवला तेही एक एक करून उघडून दाखवलं.

आता तो मेसेज काय होता ते सांगतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलमागं १० हजाराच्या वर गेला, उन्हाळ्यात कुठंकुठं १२ हजारही झाला हे तुम्हीच छापलं होतं. पण तेव्हा माल होता कोणाजवळ? आमच्यासारखे तर दिवाळी-संक्रांतीतच सात-आठ हजारात देऊन मोकळे झाले होते. तो चटका मनात बसला. म्हणून या २०२२-२३ च्या हंगामात सगळ्यांनीच ठरवलं की घाई करायची नाही. दिवाळीनंतर खेडा खरेदीवाला दारात गाडी लावून साडेआठ हजार म्हणत होता, हमीभाव लांब धाग्याला ६३८० रुपये होता, म्हणजे भाव काही वाईट नव्हता. तरी विकायला हात होईना. अन् नेमका डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो फोटो आला. तुमच्या पेपरचं कात्रण, ठळक मथळा, 'कापूस बारा हजार पार'. मी तो पाच ग्रुपवर टाकला अन् खाली स्वतःच्या मनानं एक ओळ जोडली, 'कोणीच विकू नका भाऊ, १२ हजार पक्के.'

ही ओळ मीच टाइप केली होती. कोणी सांगतली नव्हती.

तर त्या पोरींनी काय केलं, शाळेतला एक जुना फुटका फळा आडवा टाकला, त्यावर चुन्यानं गाव काढलं, मारुतीचं मंदिर, बोअरवेल, पाण्याची टाकी, नाल्यापलीकडची वस्ती, सगळं. प्रत्येक घराच्या जागी एक खिळा ठोकला. मग तीन हप्ते शाळा सुटली की वही घेऊन घरोघरी. तुम्हाला हा फोटो कोणी पाठवला, तुम्ही कोणाला पाठवला, पाठवायच्या आधी पूर्ण वाचला होता काय, अन् शेवटचा प्रश्न, कापूस विकला काय. लोकांनी सांगितलंही. मोठ्या माणसानं विचारलं असतं तर कोणी सांगितलं नसतं, कापूस घरात किती आहे हे गावात कोणी कोणाला सांगत नाही.

मग धागे. ज्यानं सरळ एका माणसाला पाठवला तिथं पांढरा, ग्रुपवर टाकला तिथं लाल. मॅडमनं त्यांना धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचं सांगितलं होतं, १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं ते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतापुरता नियम आणला की एक मेसेज एकदम पाचपेक्षा जास्त जागी फॉरवर्ड होणार नाही. अन् २०२० मध्ये आणखी कडक केलं, जो मेसेज आधीच हातोहात फिरून आला त्यावर दोन बाणांची खूण येते अन् तो एका वेळी एकाच जागी जाते. पोरींना वाटलं मग आपल्या गावात धागा कुठंतरी अडला पाहिजे. पण अडलाच नाही. कसा नाही अडला हे शोधायला त्यांना आठ दिवस लागले, उत्तर सोपं होतं. लोकांनी फोटो गॅलरीत सेव्ह केला अन् तिथून नव्यानं पाठवला. मग बाण गेला, मोजणी गेली, फोटो पुन्हा कोरा. अशा जागी त्यांनी पिवळा धागा लावला, अन् फळ्यावर पाह्यलं तर सगळ्यात जास्त पिवळाच.

मी पण गॅलरीतूनच पाठवला होता. मला तर माहीतही नव्हतं की असं केल्यानं बाण जाते, मला एवढंच वाटलं की बाणवाला मेसेज लोकं वाचत नाहीत.

अन् ग्रुपचं तर बोलूच नका. आता व्हॉट्सॲपनं एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं घ्यायची सोय केली. आमचा तालुक्याचा कास्तकार ग्रुप आहे, मी तिथं टाकला म्हणजे एका बोटानं किती घरात गेला हे फळ्यावर मावतच नव्हतं, तो धागा त्यांनी फळ्याच्या बाहेर सोडून खाली लोंबता ठेवला. मला वाटते पूर्ण प्रकल्पात तेच सगळ्यात चांगलं काढलं होतं, पण बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांना वाटलं धागा सुटला, त्यांनी उचलून खिळ्याला गुंडाळून दिला.

आता कूलरचं सांगतो. गटात एक बारीक पोरगी आहे, बोलत नाही जास्त. तिनं तो फोटो बोटानं मोठा करून पाह्यला, आम्ही मोठ्या माणसांनी गावभर फिरवला पण मथळ्याच्या खाली कोणी गेलं नाही, तिनं कोपरा पाह्यला. डाव्या कोपऱ्यात शेजारच्या जाहिरातीचा उभा तुकडा आला होता, अर्धा पंखा, पाण्याची टाकी अन् 'लर' अशी दोन अक्षरं. तिनं वर्गात विचारलं, "मॅडम, डिसेंबरमंदी कूलरची जाहिरात कोन देते?"

आपल्या विदर्भात राहून हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही हे नवलच म्हणायचं. डिसेंबरमध्ये आम्ही शेकोटीवर बसतो. मग त्यांनी रद्दी शोधली. कोणाकडं किराणा बांधायला, कोणाकडं डब्याखाली, शेवटी एकाच्या घरी अल्मारीत अंथरलेला तो अंक सापडला, मे २०२२ चा. बातमी खरी होती, तुमची चूक काहीच नव्हती, मे महिन्यात कुठल्याशा बाजारात कापूस बारा हजारावर गेला होता अन् तुम्ही तेच छापलं. कोणीतरी वरची तारखेची पट्टी कापून सात महिन्यांनी सोडून दिला. कोणी कापली ते सापडलं नाही. धागा मागं मागं नेत पोरी बाहेरगावच्या एका नंबरपर्यंत गेल्या, तो नंबर बंद.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन होतं, तेव्हा हे सगळं मांडलं. खिळ्यावर नावं नव्हती, नुसते आकडे, मॅडमनं मुद्दामच नावं टाकू दिली नव्हती. पण गावच्या माणसाला आकडा कायले लागते, पिंपळाच्या बाजूचं घर म्हणजे कोणाचं हे फळ्यावरही समजतेच. माझ्या खिळ्यावर इतके धागे होते की तो वाकला होता. पोरगी बाजूला उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत होती, माझ्याकडं मात्र पाहत नव्हती. तिला माहीत होतं नं, पहिल्याच आठवड्यात कळलं असेल तिला, पण घरी एक शब्द बोलली नाही.

नाल्यापलीकडची एक बाई आली होती पाहायला, तिची नात त्याच वर्गात. नवरा नाही, अडीच एकर पऱ्हाटी म्हणजे कापसाचं पीक, नऊ क्विंटल कापूस झाला होता. तिनं आपला खिळा शोधला, मग धाग्यावर बोट ठेवलं अन् हळूहळू सरकवत सरकवत आणलं ते माझ्या खिळ्यापाशी थांबलं. मी बाजूलाच उभा. तिनं माझ्याकडं पाह्यलं अन् म्हणाली, "हा तुमच्या इथूनच आलता काय जी." रागानं नाही म्हटलं, जसं एखाद्याला विचारतात की हे बी तुमच्याच दुकानातलं काय, तसं. मी हो म्हटलं. ती पुढच्या टेबलाकडं गेली, रीलची पट्टी फिरवून पाहू लागली.

तिनं डिसेंबरमध्ये साडेआठनं सौदा ठरवला होता हे मला नंतर समजलं. इसार म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम घेतली होती, ती परत केली. मार्चमध्ये पोराच्या दवाखान्यापायी ७६०० नं दिला. हिशेब तुम्हीच करा, क्विंटलमागं ९०० अन् नऊ क्विंटल.

मी घरी येऊन बायकोजवळ माझी बाजू मांडली, म्हटलं भाव काही माझ्या मेसेजनं पडला नाही. अन् ते खरंच आहे. कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावर, सुताच्या मागणीवर, सरकारच्या आयात शुल्कावर चालते, आमच्या ग्रुपवर नाही, एवढं मलाही समजते. तो पुढं चढलाही असता तर आज सगळ्यांनी मला चहा पाजला असता. बायको म्हणाली ते ठीक आहे, पण तिनं तिच्या अंदाजानं थांबायचं का विकायचं ठरवलं असतं, तुमच्या अंदाजानं कायले ठरवलं. याच्यावर मला काही सुचलं नाही, मी उठून वावरात गेलो.

माझाही बावीस क्विंटल घरातच होता. ज्यांनी घरात कापूस भरला त्यांना माहीत आहे काय हाल होतात ते. समोरची खोली छतापर्यंत भरलेली, आमच्या खाटा ओसरीत, अन् उन्ह तापायला लागलं तशी कापसातून अंगावर खाज सुटली. लहान पोराच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं होतं, डॉक्टरनं मलम दिलं अन् म्हणाले मलमानं काय होते, आधी कापूस काढा घरातून. मी तरी काढला नाही. फोटो मे महिन्यातला आहे हे समजल्यावरही नाही काढला हे विशेष, म्हणजे पाहा मनात एकदा बारा हजार बसले की निघतच नाहीत. मागच्या शुक्रवारी विकला, ७८०० नं. अन् पत्रही तोवर लिहायचं थांबवलं होतं, घरात माल ठेवून भावावर पत्र लिहिणं बरं दिसत नव्हतं.

प्रदर्शनानंतर गावात वेगळाच विषय निघाला. पारावर काही जण म्हणाले आपल्याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबरमध्ये ठराव घेतला तसा आपणही घेऊ, अठरा वर्षांखालच्या पोरांना मोबाईलबंदी. कोणी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं उदाहरण दिलं, तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजते अन् दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. (आमच्याइथं सात वाजता लाइटच जाते, भोंग्याचा खर्च वाचेल.) या गावांची चेष्टा करायची नाही मला, त्यांनी त्यांच्या लेकरांचं पाहून ठरवलं असेल अन् चांगलंच केलं. पण आमच्या फळ्यावर जेवढे पिवळे धागे होते त्यात एकही अठराच्या खालचा नव्हता. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, एक तर सत्तरीचे आजोबा, ज्यांना फोन उचलता येत नाही पण फॉरवर्ड जमते. अन् कात्रण जुनं आहे हे शोधणारी पोरगी चौदा वर्षांची. ठराव घ्यायचा तर कोणाच्या नावानं घ्यायचा? मी पारावर हे बोललो नाही, माझा खिळा सगळ्यांनी पाह्यला होता, कोणत्या तोंडानं बोलू. म्हणून इथं लिहून राह्यलो.

आता तुमच्याकडचं काम. तुम्ही पानाच्या सगळ्यात वर तारीख छापता, ते पेपर हातात धरून वाचणाऱ्याला ठीक आहे. पण आता बातमी पेपरमध्ये कमी अन् कात्रणाच्या फोटोत जास्त वाचली जाते, अन् फोटोत तारीख येत नाही. तेव्हा बाजारभावाची जी कोणती बातमी असेल, कापूस, सोयाबीन, तूर, तिच्या मथळ्यातच तारीख अन् बाजाराचं नाव टाका. 'कापूस बारा हजार पार' असं नाही, कोणत्या गावचा बाजार, कोणती तारीख, ते त्याच ओळीत, त्याच जाड अक्षरात. मथळा लांब होईल, तुमच्या डेस्कवरच्या लोकांना आवडणार नाही, पण मग कापणाऱ्याला अख्खा मथळाच कापावा लागेल अन् मथळा कापला की फोटोला कोणी विचारत नाही.

दुसरं, मथळ्यात सगळ्यात वरचा भाव देणं कमी करा. खरेदीच्या मुहूर्ताच्या दिवशी पहिल्या दोन-चार गाड्यांना हार घालून, शेला-नारळ देऊन जो भाव देतात तो दुसऱ्या दिवशी राहत नाही हे तुम्हालाही माहीत आहे अन् आम्हालाही, तरी मथळ्यात तोच येते. आतल्या तक्त्यात कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी असं सगळं बरोबर असते, पण तक्त्याचा फोटो कोणी काढत नाही. सरासरीला वर आणा. अन् किती क्विंटलची आवक होती तेही सोबत द्या, वीस क्विंटलला बारा हजार अन् दोन हजार क्विंटलला आठ हजार हे दोन्ही एकाच बाजारात एकाच दिवशी होऊ शकते.

हे मी मॅडमलाही सांगितलं, त्या म्हणाल्या पत्र लिहा. पोरीला सांगितलं, ती म्हणाली तुम्ही लिहा पण ग्रुपवर टाकू नका.

परवाच कास्तकार ग्रुपवर तुरीच्या भावाचं एक कात्रण आलं. मी काही करायच्या आधी पोरगीनं फोन घेतला, फोटो मोठा केला अन् चारही कोपरे पाह्यले. कोपऱ्यात काहीच नव्हतं बाप्पा, जाहिरातीचा तुकडा नाही, शेजारच्या बातमीचं अक्षर नाही. एकदम सरळ, पट्टी लावून कापल्यासारखं.

आपला,
एक कास्तकार पालक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ

ता. क. नाव छापू नका. गावात सगळ्यांना माहीतच आहे, बाहेर कायले.